षष्ठीच्या ओळीतली रिकामी जागा

"चैत्र शुद्ध प्रतिपदा," मी वाचलं. "तारीख चार-सात."

"थांब," नाना म्हणाले. "चार-सात म्हणजे चार जुलै. यंदा गुढ्या छत्री धरून उभारायच्या का?"

दाराशी उभे असलेले वसंतराव उगाचच खोकले. माझे कान तापले. त्या काळच्या कॉम्प्युटरला महिना आधी आणि दिवस नंतर छापायची खोड होती, आणि ती मोडायची मी विसरले होते. सात एप्रिलचा पाडवा पहिल्याच ओळीत पावसात गेला होता.

"चूक एक," असं म्हणून नानांनी उजव्या हाताचं एक बोट मुडपलं आणि ते तसंच ठेवलं.

मी चोवीस वर्षांची होते. पुण्याच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहायचे. कृष्णेकाठच्या आंबेघाट गावी भडकमकरांचं पंचांग निघे, एक्क्याण्णव वर्षं अखंड. दिगंबर भडकमकर, म्हणजे नाना, त्याचे गणितकर्ते. वय चौऱ्याहत्तर. पुतणे वसंतराव छापखाना बघायचे. नानांचं गणित शिकायला घरात कुणी तयार नव्हतं, आणि नानांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही जाईल. तेव्हा वसंतरावांनी कर्ज न काढता, छापखान्यातलं एक जुनं यंत्र विकून, कॉम्प्युटर आणि रुंद कागदाचा प्रिंटर घेतला. पुण्यातल्या एका प्राध्यापकांनी सूर्यचंद्राची सूत्रं लिहून दिली, त्यांचा मी प्रोग्राम केला, आणि तो बसवायला आठवड्याभरासाठी आंबेघाटला आले.

पहिल्याच संध्याकाळी वसंतरावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, नानांनी पास केलं तर पंचांग चालू राहील. नाही केलं, तर हे एक्क्याण्णवावं शेवटचं. मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. आणि एकदा बंद पडलेलं पंचांग पुन्हा चालू होत नाही, लोक दुसऱ्याचं घ्यायला लागतात."

"ते कसं पास करणार? त्यांना दिसत नाही ना?"

"वाचन करून," ते म्हणाले.

भडकमकरांकडे ही जुनी रीत होती. वर्षाचं गणित पुरं झालं की एकानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं डोळे मिटून ऐकायचं. चाळीस वर्षं नानांच्या पत्नी, माई, वाचत आल्या होत्या. मागच्या श्रावणात माई गेल्या. त्यांच्या जागी, त्यांच्याच पाटावर, आता मी बसले होते.

बसण्यापूर्वी नानांनी नियम सांगितले होते. "कागदावर असेल ते वाचायचं. डाग असेल तर डाग म्हणायचं, खाडाखोड असेल तर खाडाखोड म्हणायचं. जागा मोकळी असेल तर 'रिकामं' म्हणायचं. वाचणाऱ्यानं अक्कल चालवायची नाही. अक्कल चालवायला मी बसलोय."

"आणि चूक निघाली तर?"

"दोन माफ. यंत्र नवं, पोर नवी. तिसरी निघाली की तुझे कागद बंबात आणि पंचांगाला रामराम."

तर पहिली चूक पहिल्या ओळीतच निघाली. मी उठून तारखेची मांडणी बदलली, पुन्हा छापलं, पुन्हा पाटावर येऊन बसले. दुसरी चूक त्याच दिवशी दुपारी वैशाखात सापडली.

"वद्य नवमी, सतरा घटी साठ पळं."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. दिवसाच्या साठ घटी आणि घटीची साठ पळं, हे मला पाठ होतं. घटी म्हणजे चोवीस मिनिटं, पळ म्हणजे चोवीस सेकंद; सूर्य उगवल्यापासून तिथी संपेपर्यंतचा वेळ त्यांत मोजायचा. पण कॉम्प्युटरच्या पोटात एकोणसाठ पूर्णांक सात दशांश पळं होती, छापताना मी त्याला पूर्ण आकडा करायला सांगितलं होतं, आणि त्यानं इमानेइतबारे साठ छापले होते.

"साठ झाले की पुढच्याच्या पदरात एक टाकायचा आणि आपण शून्य व्हायचं, एवढं तुझ्या यंत्राला कुणी शिकवलं नाही वाटतं," ते डोळे पुसत म्हणाले. दुसरं बोट मुडपलं गेलं. त्यानंतर दोन दिवस मला त्या मुडपलेल्या दोन बोटांखेरीज काही दिसत नव्हतं.

एरवी मी आकड्यांची गुलाम. माझी ख्यातीच सुबक कागदाची होती. एककाखाली एकक, दशकाखाली दशक, पुढची फालतू शून्यं पुसलेली. आमचे साहेब म्हणत, "शून्य म्हणजे कागदावरचा कचरा. गिऱ्हाइकाला कचरा दाखवायचा नाही." कारखान्यांच्या मालाचे शंभर शंभर पानी कागद मी असे झाडून पुसून काढले होते. पण हे सगळं बघायचं काम होतं. आकडे ऐकायचे असतात हे मला आंबेघाटात कळलं.

नाना पाय पसरून, पाठीला लोड लावून बसायचे. मांडीवर बोट हलकेच हलत असायचं. मी वाचायचे, "द्वितीया एकतीस घटी चार पळं, तृतीया तेहतीस घटी बावीस पळं," आणि ते मध्येच पुटपुटायचे, "दमला, दमला." चंद्र लांब गेला की हळू चालतो, मग तिथी लांबतात. पुढच्या पानावर ते म्हणायचे, "आता बघ, उतार लागला." आणि खरंच पुढच्या ओळींत तिथी आखडत जायच्या. कागदाकडे न बघता, पुढची ओळ मी वाचायच्या आधी, त्यांचं बोट बरोबर तेवढं सरकलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाचता वाचता थांबले, कारण मलाही ते ऐकू आलं. ओळींमागे कुणीतरी चालत होतं. कधी रमत, कधी झपाझप. मी दोन वर्षं आकडे छापत होते, पण त्यांच्या मागे आभाळात काही खरोखर फिरत असतं असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. पुढची ओळ वाचायची राहूनच गेली.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"काही नाही. चंद्र ऐकू आला."

"हं," ते म्हणाले. "माईला चार वर्षं लागली होती."

ही त्यांनी मला दिलेली पहिली शाबासकी. मी त्या दिवशी जेवताना दोन वेळा आमटी मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी आश्विन संपला, दिवाळी झाली, कार्तिक लागला. कार्तिकात शिरल्यापासून नाना गप्प झाले होते. पुटपुटणं बंद. बोटही हलत नव्हतं. मला वाटलं, थकले असतील. वसंतराव दोनदा डोकावून गेले. कंपोझिटर अक्षरांचे खिळे लावायला तयार बसले होते, चैत्रापासूनचे कागद तरी द्या म्हणत होते. चार महिने उरले होते. मी पान उलटलं.

"कार्तिक वद्य तृतीया, पंधरा घटी बत्तीस पळं. चतुर्थी, दहा घटी अठरा पळं. पंचमी, पाच घटी आठ पळं. षष्ठी..."

षष्ठीपुढे काही नव्हतं.

तारीख होती, वार होता, तिथीचा आकडा होता. पुढे घटी-पळांच्या कॉलममध्ये कोरा कागद. त्याखाली सप्तमी, चौपन्न घटी सत्तावन्न पळं, आणि पुढे सगळं सुरळीत. एवढ्या वर्षातली ती एकच जागा रिकामी होती, आणि ती नेमकी तिसरी चूक होती.

किती वेळ गेला असेल? एक श्वास. तेवढ्यात माझ्या डोक्यात सगळं झालं. गणित कुठेतरी पडलं. नाना कागद बंबात घालणार. एक्क्याण्णव वर्षांचं पंचांग माझ्यापायी बंद. साहेब काय म्हणतील, वसंतराव कुणाला तोंड दाखवतील. एक ओळ. ही एक ओळ मी रात्री दुरुस्त करीन, कुणाला कळणार नाही. वर पाच, खाली चौपन्न, मधला एखादा आकडा घालू.

"षष्ठी," मी म्हणाले, "एकोणतीस घटी, पन्नास पळं."

"थांब."

आवाज चढला नव्हता. उलट खाली आला होता.

"मागची वाच."

"पंचमी, पाच घटी आठ पळं."

"पुढची?"

"सप्तमी, चौपन्न घटी सत्तावन्न पळं."

"पंधरा, दहा, पाच," नाना म्हणाले, "असा रोज पाच पाच घटी खाली उतरणारा चंद्र एकदम एकोणतिसावर चढला? तो काय यष्टीनं निघालाय? वाटेत पंक्चर होऊन मागे ढकलली?" मग ते पुढे झुकले. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर दाबून धरले. "पोरी, कागदावर काय आहे?"

मला रडू कोसळलं. "काही नाही, नाना."

"काही नाही असं म्हणायचं नसतं. वाच."

"रिकामं."

"पुन्हा."

"षष्ठी. रिकामं."

आतल्या बाजूला छापखान्याचं यंत्र खडखडत होतं, तेवढाच आवाज. मी वाट बघत होते तिसरं बोट मुडपलं जाण्याची. ते मुडपलं गेलं नाही.

"रडतेस कशाला? रडून आकडा येतो का?" नाना म्हणाले. "जागा रिकामी का आहे ते सांग. यंत्र कधी जागा रिकामी ठेवतं?"

"आकडा नसला की," मी नाक पुसत म्हणाले. "पण गणित तर झालंय, नाहीतर तिथीही छापली नसती. किंवा मग मी सांगितलं असेल तरच. म्हणजे कागदावर कचरा नको म्हणून मी असं घातलंय की घटी आणि पळं दोन्ही मिळून आकडा जर..."

आणि मी तिथेच अडकले. वाक्य माझ्या तोंडात होतं आणि ते पुरं करायची मला भीती वाटली. ते मी स्वतः लिहिलं होतं. स्वतःच्या हातानं, सुबकपणाच्या हौसेनं, आणि विसरून गेले होते.

"जर?" नाना म्हणाले.

"आकडा जर शून्य असेल, तर काही छापू नको."

नानांनी डोळे उघडले. त्यांना धड दिसत नव्हतं, तरी ते माझ्याकडे बघत होते.

"म्हणजे त्या जागी शून्य आहे?"

"शून्य घटी, शून्य पळं. हो."

"छापून दाखव," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

मी उठले. त्या एका नियमाची ओळ मी काढून टाकली आणि कार्तिकाचं पान पुन्हा छापायला लावलं. प्रिंटर कर्रकर्र करत पुढेमागे धावू लागला. एकेक ओळ वर सरकत आली. तृतीया. चतुर्थी. पंचमी. आणि मग षष्ठीपुढे, शेजारी शेजारी, दोन शून्यं.

"छापलं, नाना."

"इकडे आण."

मी कागद फाडून त्यांच्या हातात दिला. त्या प्रिंटरच्या सुया कागदावर जोरात आदळत, पाठीमागून बोटाला उंचवटे लागत. मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं. ते बराच वेळ तिथे चाचपत राहिले. मग उशीखाली हात घालून त्यांनी एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली आणि माझ्यापुढे धरली.

"शेवटचं लिहिलेलं पान काढ. वाच."

पुढच्या वर्षाचं हातानं केलेलं गणित होतं. पहिली पानं बारीक, देखण्या अक्षरांत. पुढे पुढे आकडे मोठे होत गेलेले, ओळी तिरक्या होत गेलेल्या. कार्तिक वद्य षष्ठीचं पान तर एखाद्या पहिलीतल्या मुलानं पाटीवर गिरवावं तसं झालं होतं. त्यावर तेच गणित केलेलं होतं. खाडाखोड. पुन्हा तेच गणित. खाडाखोड. तिसऱ्यांदा तेच.

"उत्तर वाच."

"शून्य शून्य. फुली मारलेली. शून्य शून्य. फुली मारलेली. शून्य शून्य. त्यावर..." मी वही उजेडाकडे धरली. "त्यावरही फुली."

"पुढचं पान?"

"रिकामं," मी म्हणाले.

"माई गेल्यावर एकट्यानं करत होतो. भिंग लावून. इथपर्यंत आलो आणि हे आलं." नानांचा आवाज आता म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "पन्नास वर्षं गणित केलं, पण तिथी सूर्योदयाच्या ठोक्याला संपते असं माझ्या हातून एकदाही आलं नव्हतं. वडिलांच्या वेळचंही मला माहीत नाही. म्हटलं, चुकलो. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा केलं, तेच. मग मला भीती वाटली. डोळे गेले त्याचं इतकं नव्हतं. म्हटलं, डोकंही गेलं. ज्याचं डोकं गेलं त्यानं लोकांच्या हातात पंचांग देऊ नये. मी वही मिटली आणि वसंताला म्हटलं, घे बाबा ते यंत्र."

मला तेव्हा उमगलं. तीन दिवस ते मला तपासत नव्हते. ते कार्तिक वद्य षष्ठीची वाट बघत होते. आणि तिथे पोचल्यावर मी त्यांना एकोणतीस घटी पन्नास पळं सांगितली होती.

"नाना, मी खोटं वाचलं," मी म्हणाले. "मला माफ करा."

"केलं नाही अजून," ते म्हणाले. "बघू पुढे. आता मला सांग, या शून्याच्या पोटात काय आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे पुरतं शून्य काही नसतं. पळाच्या आत काहीतरी असणार. इकडे की तिकडे? सूर्य उगवला तेव्हा षष्ठी होती का संपली होती? माझ्या हाताला तेवढं बारीक जमत नाही. तुझ्या यंत्राला जमेल?"

जमणार होतं. यंत्राच्या आत दशांशाच्या पुढे कितीतरी आकडे होते, मी कॉलम अरुंद ठेवला म्हणून ते बाहेर येत नव्हते, एवढंच. मी जागा वाढवली. आकड्याआधी अधिक-उणेच्या खुणेलाही घर ठेवलं, आणि उत्तर सेकंदांत छापायला लावलं.

"अधिक चार," मी वाचलं. "चार सेकंद, नाना."

"चार सेकंद शिल्लक," ते हळूच म्हणाले. "सूर्य आला तेव्हा षष्ठी चार सेकंद उभी होती."

"त्या दिवशी काय असतं? काही सण?"

"काही नाही. व्रत नाही, उपास नाही, जत्रा नाही. साधी षष्ठी." ते हसले. "पण चंद्र धावतोय. षष्ठी आणि सप्तमी, या दोघींतली एक सूर्योदय न बघताच जाणार. चार सेकंद शिल्लक म्हणून दिवस षष्ठीचा, आणि सप्तमीचा क्षय. चार सेकंद उणे असती तर उलटं. षष्ठीनं सूर्य बघितला नसता."

मग त्यांचं बोट मांडीवर हलू लागलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच ते जोरात हलत होतं.

"हे गणित या ओसरीचं. पश्चिमेला गेलं की सूर्य उशिरा दिसतो. चार सेकंदांचं अंतर म्हणजे मैलभर, मैलाहून थोडं जास्त." त्यांनी दाराकडे मान वळवली. "वसंता, इथून पश्चिमेला नदीवरचा पूल किती लांब?"

दाराशी आलेले वसंतराव म्हणाले, "मैल, सव्वा मैल असेल."

"म्हणजे पुलापर्यंत षष्ठी," नाना म्हणाले, "आणि पूल ओलांडला की सप्तमी."

मी ते ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आज, इतक्या वर्षांनी, मला ठाऊक आहे की त्या सूत्रांवर चार सेकंदांचा भरवसा ठेवता येत नाही. नानांनाही ते तेव्हाच ठाऊक होतं, "यंत्राचं खरं मानलं तर," असं ते लगेच म्हणालेही. तरीही. इतक्या मोठ्या आभाळात फिरणाऱ्या दोन गोळ्यांची शिवण आंबेघाटच्या पुलावरून जाणार होती, आणि ती मी पांढऱ्या कागदात दडवून टाकली होती, कारण पान सुबक दिसावं.

वसंतरावांनी चाचरत विचारलं, "नाना, मग पास का?"

नानांनी दोन्ही मुडपलेली बोटं उघडली. "खिळे लावायला सांग. आणि त्या ओळीत शून्यं छापायची. मोठी."

पुढच्या कार्तिकात मी आंबेघाटला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. पंचांगाची छापील प्रत माझ्याकडे आली होती, त्यात षष्ठीपुढे शून्य-शून्य होतं, आणि मला घरी बसवेना. आदल्या संध्याकाळी पोचले तेव्हा ओसरीवर नाना कानटोपी घालून बसले होते. नजर आता पुरती गेली होती.

"आलीस?" ते म्हणाले. "मी वसंताला म्हटलंच होतं, दोघांचा चहा कर."

पहाटे वसंतरावांनी आम्हाला रिक्षानं पुलावर सोडलं. थंडी होती. मी नानांना कठड्याशी उभं केलं, पूर्वेकडे तोंड करून. त्यांनी माझा डावा हात घट्ट धरला. माझ्या उजव्या मनगटावर घड्याळ होतं, आदल्या संध्याकाळी रेडिओच्या बातम्यांच्या ठोक्यांवर लावलेलं.

"पुलाच्या मध्यावर आहोत ना?"

"हो."

"मग सूर्याची कड दिसली की सांग. कड दिसेल तेव्हा षष्ठी जाईल. दोन्ही एकदम." त्यांचा श्वास जोरात चालला होता. "मला दिसत नाही, तेव्हा तुझ्या तोंडून बघतो."

मी समोर बघितलं. नदीवर धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, पलीकडची झाडं दिसत नव्हती, आभाळ आणि जमीन यांच्यात रेघ नव्हती. सगळीकडे एकच पांढरं.

मी घड्याळाकडे बघितलं. सेकंदाचा काटा वर चढत होता. दहा सेकंद राहिले. नानांचं तोंड किंचित उघडं होतं, देवळाचा पडदा सरकायची वाट बघणाऱ्या मुलासारखं. पन्नास वर्षांत हे एकदाच आलं होतं आणि पुन्हा त्यांच्या आयुष्यात येणार नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. 'आलं' म्हटलं असतं तर त्यात खोटंही फारसं नव्हतं, कारण त्या धुक्यामागे सूर्य ठरल्या क्षणी येणारच होता. पाच. चार. त्यांची बोटं माझ्या हातात रुतली. काटा ठरल्या जागी आला आणि पुढे गेला.

"काय दिसतं?" नानांनी विचारलं.

"रिकामं," मी म्हणाले. "धुकं आहे, नाना. रिकामं."

मला वाटलं, त्यांचं मन मोडलं. मग त्यांनी माझा हात सोडला, दोन्ही हात उचलले, आणि त्या पांढऱ्यापुढे जोडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मीही हात जोडले. कशाला, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

पुलाखालून नदीचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं नानांनी चाचपत माझा खांदा शोधला.

"केलं माफ," ते म्हणाले. "आज बरोबर वाचलंस."